पाठीवर पिशवी आणि दिल्लीचा एक दिवस

मागच्या भागात आपण मेळ्यातला स्टॉल कसा लावायचा आणि विक्रीची वही कशी ठेवायची, याबद्दल बोललो. आज बोलायचं आहे मेळा संपल्यानंतरच्या एका दिवसाबद्दल. त्या दिवशी आम्ही काही विकलं नाही, कुठलं प्रशिक्षण घेतलं नाही, कुठल्या साहेबांना भेटलो नाही. आम्ही दिल्ली बघितली. नुसती बघितली. परत आल्यावर इतक्या गटांनी विचारलं, "तुम्ही कशा फिरल्या वो एकट्या?" म्हणून ठरवलं, सगळं नीट सांगूनच टाकावं.

दिल्लीला प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर मोठा व्यापार मेळा भरतो. देशभरातल्या बचतगटांना तिथे माल मांडायला जागा मिळते. वर्धा जिल्ह्यातून आम्ही सातजणी वायगावची हळद, तूरडाळ आणि पापड घेऊन गेलो होतो. चौदा दिवस सकाळी उठून स्टॉलवर, रात्री परत मुक्कामाच्या जागी. दिल्लीत होतो, पण दिल्ली दिसली ती बसच्या खिडकीतून. आमची परतीची गाडी २८ तारखेला रात्री होती. म्हणजे अख्खा एक दिवस हातात होता.

त्या दिवसाचं काय करायचं, हे आम्हाला एका परदेशी मुलीमुळे सुचलं. आपल्या पोरींच्या वयाची असेल. एकटीच होती. पाठीवर ही मोठी पिशवी, पायात मळलेले बूट. तिने हळद घेतली. शेजारच्या स्टॉलवरच्या ताईला इंग्रजी येत होतं, तिच्यामार्फत गप्पा झाल्या. अशा प्रवाशांना बॅकपॅकर म्हणतात. पाठीवर पिशवी टाकायची, स्वस्तात राहायचं, बस-मेट्रोनं आणि पायी फिरायचं. नवी दिल्ली स्टेशनजवळच्या पहाडगंजात त्यांच्यासाठी कमी भाड्याची लॉज आहेत. तिने आम्हाला तिचा दिवसाचा कागद दाखवला. त्यावर फक्त चार नावं होती. चारही ठिकाणं कशी जोडायची, कोणतं किती वाजता उघडतं, कोणत्या वारी बंद असतं, एवढंच लिहिलं होतं.

ती गेल्यावर आमच्यातली सगळ्यात मोठी काकू म्हणाली, "ह्या पोरीले घरचे लोक नाही का?" सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "आपल्याले कावून नाही जमणार?"

मैत्रिणींनो, आपण घराबाहेर पडतो ते कशासाठी? माहेरी जायला, लग्नाला, दवाखान्यात, बाजाराला, फार तर देवाला. प्रत्येक वेळी काहीतरी काम असतं किंवा कोणीतरी सोबत असतं. माणसं मित्राच्या मोटरसायकलवर बसून 'जरा फिरून येतो' म्हणतात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. बाईनं 'जरा बघून येते' म्हटलं, तर घर विचारतं, "काय बघायचं आहे?" त्या रात्री आमचंही तेच झालं. घरी फोन लावले, तर एकीच्या नवऱ्यानं सांगितलं, "मेळा संपला ना, मग स्टेशनवर जाऊन बसा." दुसरीच्या घरून फोनच ठेवून दिला.

एकीनं सुचवलं, गाडी उशिरा आहे असं सांगू. पण आम्ही ठरवलं की खोटं बोलायचं नाही. आज खोटं बोललो आणि उद्या कळलं, तर पुढच्या मेळ्याला कोणीच आपल्या बाईला पाठवणार नाही. नुकसान पूर्ण गटाचं होईल. म्हणून जिच्या घरून फोन ठेवला होता, तिने पुन्हा लावला आणि थेट सासूबाईंशी बोलली. कुठे जाणार, किती वाजता परत येणार, किती खर्च होणार, सगळं सांगितलं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जाताच आहा, तं बापूजी गेले ते घर पाहून या."

झालं. आमच्या कागदावर पहिलं नाव आलं.

मग आम्ही रीतसर बैठक घेतली. खर्च गटाच्या पैशातून करायचा नाही, प्रत्येकीनं आपल्या कमाईतून करायचा, असा ठराव केला. नियम ठरवले. ते तुम्हीही लिहून घ्या, कुठल्याही शहरात चालतील.

पहिला नियम, ठिकाणं चारच. दहा ठिकाणं धरली की एकही दिसत नाही, नुसती धावपळ होते. दुसरा, कोणतं ठिकाण कधी बंद असतं ते आधी विचारायचं. दिल्लीत लाल किल्ला आणि गांधी स्मृती सोमवारी बंद असतात. तिसरा, मोठं सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं. त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. पाठीवर लहान पिशवी, तिच्यात पाणी, शाल, औषध, आधार कार्डाची झेरॉक्स आणि खायला दशम्या. पॅकिंगची कात्री, सुरी मोठ्या बॅगेत टाकायची, कारण मेट्रोच्या दारात पिशवी मशीनमधून जाते. पैसे दोन जागी ठेवायचे. आणि नोव्हेंबरात दिल्लीची हवा फार धुरकट असते, डोळे चुरचुरतात, म्हणून तोंडाला मास्क.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. कोणी मागे राहिलीच, तर बाकीच्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर थांबायचं. मागे राहिलेलीनं पुढची गाडी पकडून त्याच स्थानकावर उतरायचं. शोधत कोणीच फिरायचं नाही.

आता दिवस कसा गेला ते सांगतो.

सकाळी निजामुद्दीन स्टेशनवर सामान ठेवलं आणि जवळच्या मेट्रो स्थानकात शिरलो. दिल्लीची मेट्रो २००२ सालापासून धावते. तिच्या लाईनींना रंगांची नावं आहेत, त्यामुळे वाचता येत नसलं तरी रंगावरून कळतं. गाडी ज्या दिशेला जाते, त्या बाजूचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. फलाटावर गुलाबी खुणा केलेल्या असतात, तिथे उभं राहायचं. तिकीट म्हणजे कागदाचा तुकडा, त्यावर चौकोनी ठिपक्यांची खूण. तो आत जाताना लागतो आणि बाहेर पडतानाही लागतो, म्हणून फेकायचा नाही. प्रत्येक स्थानकाचं नाव हिंदीत पुकारलं जातं.

आम्ही गुलाबी लाईनवर होतो. एक स्थानक झालं आणि आवाज आला, "अगला स्टेशन विनोबापुरी." आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. आपल्या पवनारचे विनोबा! इतक्या लांब आल्यावर घरचं माणूस भेटावं तसं वाटलं. लाजपत नगरला उतरून जांभळी लाईन पकडली. ती थेट लाल किल्ल्याच्या स्थानकावर नेते.

लाल किल्ला टीव्हीवर दर १५ ऑगस्टला बघतो तोच. शाहजहान बादशहानं बांधला, १६४८ साली बांधून झाला. तिकीट भारतीय माणसाला कमी आणि परदेशी पाहुण्याला कितीतरी पट जास्त असतं. आत गेल्यावर आधी छत असलेला लांब बाजार लागतो. त्या काळीही तिथे दुकानंच होती. मेळ्यातून आलेल्या आम्हाला ते ओळखीचंच वाटलं. पुढे दिवाण-ए-खास, म्हणजे बादशहाचा खास लोकांना भेटायचा महाल. त्याच्या छताला एकेकाळी चांदी होती. पानिपतच्या लढाईआधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंच्या सैन्याकडे पैसा उरला नव्हता, तेव्हा मराठ्यांनी ती चांदी काढून नाणी पाडली. आपल्याला पानिपतची हार माहीत असते, तिच्यामागची रिकामी तिजोरी माहीत नसते. आमची खजिनदार छताकडे बघून म्हणाली, "अडचणीत माणूस मंगळसूत्रही मोडते, हे तं छत होतं."

किल्ल्यासमोरचा रस्ता म्हणजे चांदणी चौक. ही जागा आम्हाला सगळ्यात जास्त आवडली, कारण हा बाजार एका बाईनं वसवला. शाहजहानची मोठी मुलगी जहाँआरा. आई मुमताज १६३१ मध्ये गेली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि जनानखान्याचा कारभार तिच्यावर आला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. सुरत बंदराच्या उत्पन्नात तिचा वाटा होता, तिची स्वतःची जहाजं व्यापाराला जात. दिल्ली नवीन वसत होती, तेव्हा १६५० च्या सुमारास तिने हा बाजार आखून घेतला. मधून पाण्याचा पाट, मधोमध हौद. रात्री त्यात चांदणं पडायचं, म्हणून नाव चांदणी चौक असं सांगतात. जवळच तिने लांबून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली. आता ना पाट आहे, ना सराई. सराई १८५७ च्या उठावानंतर पाडली गेली. पण बाजार अजून भरतो आहे. २०२१ पासून दिवसभर मोटारगाड्यांना तिथे बंदी आहे, त्यामुळे आरामात चालता येतं.

विचार करा, पावणेचारशे वर्षांपूर्वी एका बाईच्या मनात आलं की प्रवाशाला रात्री टेकायला जागा हवी. आणि आज आपल्या तालुक्याच्या बाजारात बायकांना साधी मुतारी नसते.

त्याच रस्त्यावर शीशगंज गुरुद्वारा आहे. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांना इथे ठार केलं गेलं. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग, ज्यांचं स्थान आपल्या नांदेडला आहे. तिथे डोकं टेकवलं आणि चांदणी चौकाच्या मेट्रो स्थानकाकडे निघालो.

आणि तिथेच घोळ झाला. दुपारची गर्दी होती. आम्ही सहाजणी डब्यात चढलो, दार लागलं आणि काचेतून बघतो तर काकू फलाटावर! तीच काकू, जिला वाचता येत नाही आणि जिच्या फोनची बॅटरी सकाळीच संपली होती. आमच्यातली एक रडायलाच लागली. पुढचं स्थानक चावडी बाजार. सगळ्या उतरलो. एक म्हणे मी मागे जाते, दुसरी म्हणे पोलिसांना सांगू. पण नियम ठरला होता, तो पाळला. पहिल्या डब्याच्या जागेवर थांबलो. पुढची गाडी आली, दार उघडलं आणि काकू शांतपणे खाली उतरली. म्हणाली, "मले तं माहीत होतं तुमी इथंच असान. तुमचेच तोंडं उतरले."

गाडी येईपर्यंतची ती चार-पाच मिनिटं आम्हाला फार मोठी वाटली. पण त्यानंतर आमची भीती गेली ती गेलीच. हरवलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर आता आमच्याकडे होतं.

चांदणी चौक, पटेल चौक, लोककल्याण मार्ग ही तिन्ही स्थानकं एकाच पिवळ्या लाईनवर आहेत. पटेल चौकाला उतरलं की थोडं चालून बंगला साहिब गुरुद्वारा लागतो. १६६४ मध्ये आठवे गुरू हरकिशन इथे राहिले होते. तेव्हा हा राजा जयसिंगाचा बंगला होता, म्हणून हे नाव. तिथे चपला ठेवायची सोय फुकट, डोकं पदरानं झाकायचं, हातपाय धुवायचे आणि आत जायचं. लंगरमध्ये कोणालाही जेवायला मिळतं. पैसे नाहीत, जात नाही, धर्म नाही. सगळ्यांनी खाली एका ओळीत बसायचं. पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची.

आमच्यातली एकजण एकल महिला आहे. गटाची हळद तीच दळते, निवडते, तोलते. पण गावात हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं, आणि गावजेवणात ती नेहमी शेवटच्या पंगतीला बसते. इथे ती पहिल्या ओळीत बसली. तिच्या एका बाजूला एक मोठ्या घरची वाटणारी बाई होती, दुसऱ्या बाजूला रिक्षा ओढणारा माणूस. ती काही बोलली नाही. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटायला बसली. तिथे कोणीही सेवा करू शकतं. मग आम्ही सगळ्याच बसलो. अर्धा तास पोळ्या लाटल्या. तुम्ही म्हणाल, दिल्लीला जाऊनही पोळ्याच! पण कोणासाठी लाटतो हे माहीत नसताना, कोणी मागे उभं राहून घाई करत नसताना पोळ्या लाटायला वेगळंच वाटतं.

तिसरं ठिकाण सासूबाईंनी सांगितलेलं. लोककल्याण मार्ग स्थानकावरून रिक्षानं तीस जनवरी मार्गावर गेलो. तिथलं बिर्ला हाऊस म्हणजे आताची गांधी स्मृती. प्रवेश फुकट. बापूजींचे शेवटचे १४४ दिवस या घरात गेले. त्यांची खोली तशीच आहे. बैठक, चरखा, काठी. खोलीपासून बागेतल्या प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं दगडात उठवून ठेवली आहेत. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी ते याच वाटेनं चालत गेले आणि जिथे गोळ्या लागल्या तिथे पावलं थांबतात. १९३६ मध्ये बापूजी सेवाग्रामला राहायला आले, १९४६ मध्ये तिथून निघाले ते परत आलेच नाहीत. आपल्या जिल्ह्यातून निघालेला माणूस कुठे पोचला, ते आम्ही त्या दिवशी बघितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

बाहेर पडल्यावर हिशेब निघाला. सातजणींपैकी तिघींनी सेवाग्रामची बापू कुटी आतून बघितलीच नव्हती. गावापासून एसटीनं पाऊण तासावर. शाळेची सहल निघाली तेव्हा घरून पैसे मिळाले नाहीत, नंतर लग्न झालं, आणि मग काम नसताना जायचं कसं?

शेवटचं ठिकाण हुमायूनची कबर. केंद्रीय सचिवालयाला लाईन बदलून जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरलो आणि तिथून रिक्षा केली. हे ठिकाण निजामुद्दीन स्टेशनच्या जवळ आहे, म्हणून शेवटी ठेवलं होतं. जिथून गाडी पकडायची, त्याच्या जवळचं ठिकाण शेवटी, हाही एक नियम समजा. हुमायून बादशहा १५५६ मध्ये ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून पडून गेला. ही कबर त्याच्या बायकोनं, बेगा बेगमनं बांधून घेतली. लाल दगड, वर पांढरा घुमट, चारही बाजूंना बाग आणि पाण्याचे पाट. ताजमहाल यानंतर साठेक वर्षांनी सुरू झाला. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेली इमारत सगळं जग ओळखतं. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली आधीची आहे, पण तिचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथल्या हिरवळीवर बसलो, दशम्या खाल्ल्या. जहाँआराची कबर जवळच, निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात आहे. इतकी श्रीमंत बाई, पण कबरीवर छत नाही, वर माती आणि गवत. तिथे जायचं मनात होतं, पण अंधार पडायला लागला होता आणि आम्ही घरी शब्द दिला होता. ते पुढच्या वेळेसाठी ठेवलं. सात वाजता स्टेशनवर होतो. खर्च माणशी चारशे रुपयांच्या आत आला. तो आम्ही वहीत लिहिला, 'दिल्ली दर्शन' असं वेगळं पान करून.

एक गोष्ट सांगायची राहिली. फिरताना बायका पाणी पीत नाहीत, लघवीला जायची पंचाईत नको म्हणून. तसं करू नका. त्याने आजार होतो. किल्ल्यात, गुरुद्वाऱ्यात, बऱ्याच मेट्रो स्थानकांवर सोय असते. नियोजनाच्या कागदावर ठिकाणांच्या शेजारी ही सोय कुठे आहे तेही लिहा.

घरी आल्यावर काय झालं? कोणाच्या घरी वादळ आलं नाही. ज्या नवऱ्यानं स्टेशनवर बसायला सांगितलं होतं, त्यानं चहा पिता पिता विचारलं, "किल्ला केवढा आहे?" सासूबाईंनी पावलांची गोष्ट तीनदा ऐकली. आणि डिसेंबरच्या मासिक बैठकीत आम्ही एक विषय घेतला, वर्षातून एक दिवस गटाची सहल. पहिली सहल सेवाग्रामची झाली. अठरा बायका आल्या, त्यात सासूबाईही होत्या. काकूनं एसटीत सगळ्यांना नियम सांगितला, "मागं राहिली तं घाबराचं नाही. पुढच्या स्टॉपवर आमी थांबून राहू."

तुम्हाला दिल्लीलाच जायला पाहिजे असं नाही. तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात एखादा किल्ला, लेणं, धरण, संग्रहालय असेल, जे बाहेरचे लोक येऊन बघून जातात आणि तुम्ही रोज एसटीच्या खिडकीतून बघता. येत्या बैठकीत एक कागद घ्या. चार नावं लिहा. कधी उघडतं, कधी बंद असतं, कसं जायचं, परत कधी यायचं, ते लिहा. घरी खरं सांगा. आणि कोणी विचारलं, "कायले जाता?" तर सांगा, "बघायला."

तुमच्या गटाची सहल झाली की आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण गटाच्या कर्जाच्या परतफेडीबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार.